दूरुस, दूरा, दूरुम आणि माळव्याचा गहू

"ड्यूरम" हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या नजरेखालून गेलेला असतो, तो पास्त्याच्या नाहीतर शेवयांच्या पाकिटावर. एकदा पणजीतल्या एका दुकानात एका गृहस्थांनी दुकानदाराला विचारलेलं मी ऐकलं, "ही ड्यूरम कंपनी इटलीची का हो?" दुकानदारानेही बेधडक "हो" म्हणून सांगितलं. दोघांचं समाधान झालं. मी मधे पडलो नाही, कारण मधे पडणाऱ्या कारकुनाला कोणी विचारत नाही, हे पंचवीसेक वर्षांच्या नोकरीत मला कळून चुकलेलं आहे. पण ब्लॉग आपला आहे, इथे बोलायला काय हरकत?

तर ड्यूरम ही कंपनी नाही, गावाचं नाव नाही, शोध लावणाऱ्या माणसाचं आडनावही नाही. ते लॅटिनमधलं एक साधं विशेषण आहे. अर्थ: कठीण, टणक. रूप: नपुंसकलिंगी, एकवचनी, प्रथमेचं. शब्दकोशात शोधायला गेलात तर "दूरुम" सापडणार नाही, "दूरुस, दूरा, दूरुम" अशी तिघांची ओळ सापडेल. पहिलं पुल्लिंगी, दुसरं स्त्रीलिंगी, तिसरं नपुंसकलिंगी. गव्हाला लॅटिनमध्ये म्हणतात "त्रितिकुम", तो शब्द नपुंसकलिंगी, म्हणून त्याच्या शेजारी उभं राहायला "दूरुम"च हवं. दूरुस चालणार नाही, दूरा चालणार नाही. (इंग्रजी वळणाने वनस्पतिशास्त्रवाले त्याला "ट्रिटिकम ड्यूरम" म्हणतात. म्हणोत बापडे.)

मी बी.ए. झालेला माणूस. लॅटिन कोणी शिकवलं नाही, पण आम्हा सरकारी नोकरांचा लॅटिन विशेषणांशी संबंध रोजचा. दिवाळीच्या आधी ज्याची वाट बघितली जाते तो "बोनस" म्हणजे लॅटिनमधलं "चांगला" हे पुल्लिंगी विशेषण. शेअर बाजारातल्या इंग्रजांनी अठराव्या शतकात ते उचललं. खरं म्हणजे "चांगली गोष्ट" म्हणायची तर नपुंसकलिंगी "बोनुम" हवं होतं. आणि शाळेतून आणायचा तो "बोनाफाईड" दाखला? त्यातलं "बोना" हे त्याच विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप, कारण "विश्वास" या अर्थाचा लॅटिन शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणजे एकच विशेषण पगाराच्या बिलात पुल्लिंगी आणि शाळेच्या दाखल्यात स्त्रीलिंगी. हे कळल्यापासून फाईलींचा कंटाळा थोडा कमी झाला, एवढं नक्की.

पण आजचा विषय गव्हाचा, आणि गव्हासाठी इंदूरलाच जायला हवं.

माझी आतेबहीण लग्न होऊन इंदूरला गेली. तिच्यामुळे माझं तिकडे अधूनमधून जाणं होतं. गोव्याच्या माणसाला इंदूर तसं परकं वाटत नाही. आमच्या मंगेशीच्या दीनानाथांची लेक लता जन्मली ती इंदुरात, १९२९ साली. होळकरांचं गाव, त्यामुळे राजवाड्याच्या आसपास अजूनही मराठी कानावर पडते. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलनं या शहराने भरवली आहेत. पण ताईच्या घरी गेलो की मला साहित्यापेक्षा आधी बाफले आठवतात. कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. जोडीला तुरीची डाळ. आम्ही भात खाणारी माणसं, दोन बाफल्यांत आडवी होतो.

या बाफल्यांची कणीक कुठल्याही गव्हाची चालत नाही, असं ताईचं ठाम मत आहे. छावणीच्या धान्यबाजारात भावोजींबरोबर गेलो होतो तेव्हा व्यापाऱ्याने दोन ढीग दाखवले. एक शरबती, गोल, सोनेरी, चपातीसाठी. दुसरा लांबट, पिवळसर, काचेसारखा अर्धपारदर्शक दाणा. तो म्हणाला, "भैया, ये कठिया है, मालवी. दाँत से तोड़ के देखो." मी तोडायच्या भानगडीत पडलो नाही, दाताचं काम नुकतंच करून घेतलं होतं. पण हाच तो ड्यूरम. ज्याचं इटालियन पाकीट पणजीत दुप्पट-तिप्पट भावाने विकलं जातं, तो गहू तिथे पोत्यांनी पडला होता आणि त्याचं नाव होतं कठिया.

आता हा गहू कठीण का, हे थोडं सांगतो, कारण ते मला स्वतःला फार मजेशीर वाटलं. रोजच्या चपातीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, ड्यूरममध्ये २८. चपातीच्या गव्हाला हा जादा वाटा मिळाला तो एका रानगवताकडून, आणि त्याच वाट्याबरोबर दाणा मऊ करणारी काही प्रथिनं आली. प्युरोइंडोलिन असं त्यांचं नाव. ड्यूरमला तो वाटाच मिळाला नाही, म्हणून ती प्रथिनं नाहीत, म्हणून दाणा कठीण. म्हणजे कठीणपणा हा त्याने कमावलेला गुण नव्हे, मऊ करणारं काही त्याच्या आयुष्यात आलंच नाही, इतकंच. दळताना तो पिठासारखा भुरभुरीत न होता कणाकणाने फुटतो, म्हणून त्याचा रवा चांगला. आपल्या महाराष्ट्रात त्याला बन्सी म्हणतात, "बन्सी रवा" तो हाच. पुरणपोळीसाठी आणि खिरीसाठी ज्याची वाखाणणी होते तो खपली गहू याचाच चुलतभाऊ, पण वेगळा.

इंदूरचं आणि या गव्हाचं नातं केवळ बाफल्यांचं नाही. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं गव्हावरचं प्रादेशिक केंद्र १९५१ पासून इंदुरात आहे. तांबेरा रोग दक्षिणेकडच्या निलगिरीच्या डोंगरांतून वर सरकतो, त्याला मध्य भारतात अडवायचं तर तिथला गहू टिकणारा हवा, असा विचार त्यामागे होता. एचआय या अक्षरांनी सुरू होणारे गव्हाचे वाण शेतकरी मंडळींना माहीत असतील, त्यातला "आय" म्हणजे इंदूर. पोषण, पूसा मंगल, पूसा अनमोल, पूसा तेजस हे सगळे तिथले ड्यूरम वाण. त्याच्याही आधी १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ इंदुरात होते. कंपोस्ट खताची "इंदूर पद्धत" जगभर गेली ती त्यांच्यामुळे. त्यावरच्या १९३१ सालच्या पुस्तकावर त्यांच्या जोडीला आणखी एक नाव आहे, यशवंत वाड. हॉवर्डचं नाव सेंद्रिय शेतीवाल्या प्रत्येकाच्या तोंडी असतं, वाडांचं कोणी घेत नाही. असो.

त्या पुस्तकाच्या शीर्षकात "ह्यूमस" हा शब्द आहे, म्हणजे कुजून तयार झालेली काळी माती. लॅटिनमध्ये "हुमुस" म्हणजे जमीन. शेवट पाहून कोणीही म्हणेल की पुल्लिंगी. पण नाही, तो स्त्रीलिंगी आहे! लॅटिनमध्ये झाडांचीही तीच तऱ्हा. "फिकुस" दिसायला पुल्लिंगी, पण पिंपळाचं शास्त्रीय नाव "फायकस रिलिजिओसा", विशेषण स्त्रीलिंगी. का? तर रोमन लोकांच्या लेखी झाडं स्त्रिया. शब्दाचा शेवट फसवू शकतो, पण शेजारचं विशेषण खरं सांगून टाकतं. हे आपल्याकडेही आहेच. "हत्ती" ईकारान्त, पण "मोठा हत्ती". "पाणी" ईकारान्त, पण "गार पाणी प्यायलं, थोडं पाणी सांडलं". नाम तोंडावर काही दाखवत नाही, विशेषण त्याचं गुपित फोडतं.

लॅटिनची ही तीन लिंगं शिकताना युरोपातल्या मुलांचा जीव जातो म्हणे. मराठी माणसाला मात्र ती स्वयंपाकघरात शिकता येतात. जाडा रवा, जाडी कणीक, जाडं पीठ. झालं! दूरुस, दूरा, दूरुम. रोमन माणूस शिळ्या पावाला "पानिस दूरुस" म्हणेल, कारण पाव त्याच्याकडेही पुल्लिंगी. (आमच्या पोदेराचा पाव याच "पानिस"चा पोर्तुगीजमार्गे आलेला नातू.) मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाला डॉक्टर "ड्यूरा मेटर" म्हणतात, म्हणजे "कठीण आई". अरबी वैद्यकातल्या नावाचं ते शब्दशः लॅटिन भाषांतर आहे. आई स्त्रीलिंगी, म्हणून ड्यूरा. बाळंतपणात जी "एपिड्यूरल" नावाची सुई देतात ती या ड्यूराच्या बाहेरच्या अंगाला. म्हणजे प्रसूतिगृहात स्त्रीलिंगी आणि पिठाच्या गिरणीत नपुंसकलिंगी असं हे विशेषण आपल्या गावात रोज राबतंय, फक्त आपल्याला ओळख नाही.

विभक्तीच्या बाबतीत मात्र आपण सुटलो. मराठीत "जाडा, जाडी, जाडं" या तिघांनाही पुढे प्रत्यय आला की एकच "जाड्या" होतं. जाड्या रव्याचा, जाड्या कणकेची, जाड्या पिठाचं. लॅटिनमध्ये विशेषण नामाबरोबर प्रत्येक विभक्तीत वेगळं वळतं. "कठीण गव्हाचा" म्हणायला "त्रितिकी दूरी". अशी सगळी मिळून पाठ करायची यादी लांबलचक होते.

इथे मला एक गंमत सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठी व्याकरणात विकारी आणि अविकारी विशेषणं असतात हे शाळेत आपण शिकलो. काळा-काळी-काळं बदलतं, सुंदर बदलत नाही. आता "कठीण" या अर्थाचे मराठी शब्द आठवून पाहा: कठीण, टणक, कडक, घट्ट, राठ, निबर. एकही बदलत नाही! टणक लाडू, टणक सुपारी, टणक लाकूड. आणि "कोवळा"? कोवळा पाला, कोवळी काकडी, कोवळं ऊन. तो लगेच वाकतो. आमच्या पोर्तुगीजमध्ये मात्र बरोब्बर उलटं. कठीणासाठी "दुरु" आणि "दुरा" अशी दोन रूपं, आणि मऊसाठी "मोल" हे एकच रूप दोन्ही लिंगांना. म्हणजे पोर्तुगीजात कठीण वाकतं आणि मऊ वाकत नाही. यातून काही तत्त्वज्ञान काढू नये, हा निव्वळ योगायोग आहे. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी यावर बराच वेळ खूश होतो.

तशीच दुसरी गोष्ट. मध्ययुगातल्या युरोपियन संगीतात एकाच स्वराची दोन रूपं होती, एक "दूरुम" आणि एक "मोल्ले", म्हणजे कठीण आणि मऊ. जर्मन लोक अजूनही आपल्या दोन मुख्य सुरावटींना "दूर" आणि "मोल" म्हणतात. आणि उतरलेल्या स्वराला आपण काय म्हणतो? कोमल. कोणी कोणाचं उचललं नाही, दोन्हीकडच्या कानांना एकच गोष्ट जाणवली. उस्ताद अमीर खाँ यांच्या इंदुरात हे आठवणारच, आणि कुमार गंधर्वांचं देवास तिथून जवळच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या मुद्द्यावर येतो.

ताईचा मुलगा तेव्हा सहावीत होता. माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाला, "मामा, तुम्ही कोणती पुस्तक वाचून राहिले?" ताईने कपाळाला हात लावला. पण त्याने केलं ते चुकून नाही, पद्धतशीर केलं. त्याच्या शाळेच्या आणि मित्रांच्या हिंदीत किताब स्त्रीलिंगी, म्हणून पुस्तक स्त्रीलिंगी. हिंदीत तिसरं लिंगच नाही, मग मराठीतलं नपुंसकलिंग ठेवायचं कुठे? त्याने त्यातली सगळी नामं उचलून कुणाला इकडे, कुणाला तिकडे वाटून टाकली. त्याचं ऐकत बसलो तर "माझी पुस्तक", "आमचा घर", "मोठा झाड" असंच ऐकू आलं.

हे फार जुनं नाटक आहे आणि युरोपात ते पूर्ण होऊन गेलं आहे. लॅटिनचं नपुंसकलिंग असंच गेलं. "त्रितिकुम दूरुम" या दोन शब्दांचं पोर्तुगीजमध्ये काय झालं पाहा: "त्रिगु दुरु". दोन्ही पुल्लिंगी. इटालियनमध्ये "ग्रानो दूरो", तेही पुल्लिंगी, जरी त्यातला "ग्रानुम" लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी होता. कोणी हुकूम काढला नाही, कोणी अधिसूचना प्रसिद्ध केली नाही. शेवटचा "म" आधी बोलण्यातून गळाला, मग "उस" आणि "उम" यांत फरक उरला नाही, मग तिसरं लिंग राहायला जागा उरली नाही. पंडित लोक लिहिताना जपत राहिले, बाजार पुढे गेला. संस्कृतातलं नपुंसकलिंग हिंदीत असंच विरघळलं. पण मराठी, कोकणी आणि गुजराती या तीन भाषांनी ते धरून ठेवलं. आम्हा गोव्याच्या लोकांना तर ही गोष्ट दोन्ही बाजूंनी दिसते. डाव्या हाताला पोर्तुगीज, जिने ते सोडलं, आणि उजव्या हाताला कोकणी-मराठी, ज्यांनी ते सोडलं नाही. (कोकणी-मराठीचा वाद ज्यांना करायचा असेल त्यांनी कृपया दुसरीकडे करावा. नपुंसकलिंगापुरती तरी दोघींची युती आहे.)

यावर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, बरं झालं, कशाला हवी तीन लिंगं? टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी यावर वेळ घालवण्यापेक्षा काढून टाका. दुसरी म्हणतात, इंदूरची मराठी बिघडली, ती मराठी नव्हेच. मला दोन्ही पटत नाहीत. पोर्तुगीज ही बिघडलेली लॅटिन आहे असं आज कोणी म्हणत नाही. इंदूरच्या मराठीलाही तिची स्वतःची लय आहे आणि "वाचून राहिले" हे मला गोड वाटतं. दोनशेहून जास्त वर्षं हिंदीच्या गराड्यात राहून ती इतकी मराठी उरली, हेच मुळात थोर आहे. पुण्याच्या माणसाने तिला नाक मुरडू नये.

पण पहिल्या मंडळींनाही मी सांगेन की लिंग ही नुसती सजावट नाही, ती वाक्यातली सोय आहे. "रवा आणि पीठ ठेवलंय, जाडं आहे ते घे" म्हटलं की कोणता डबा उचलायचा ते घरातल्या पोरालाही कळतं. "जाडा" म्हटलं असतं तर दुसरा डबा. नाव परत न घेता काम झालं. रोमन कवी तर याच सोयीवर जगले. विशेषण ओळीच्या एका टोकाला आणि नाम दुसऱ्या टोकाला ठेवायचे, मधे बाकीचं जग, आणि तरी वाचणाऱ्याला जोडी सापडायची. ही सोय गेली की शब्दांना रांगेत उभं राहावं लागतं. पोर्तुगीज उभी राहिली, इंग्रजी तर फारच शिस्तीत उभी आहे. मरत कोणी नाही, पण काहीतरी जातं. आणि ते जाणार असेल तर निदान आपल्याला ठाऊक असावं की काय गेलं. ताईला मी म्हटलं, त्याला रागावू नकोस, त्याला डबे उचलायला लाव. तिने खरंच लावले. पुढच्या वेळी गेलो तेव्हा पीठ "जाडं" झालं होतं. पुस्तक मात्र अजून स्त्रीलिंगीच होतं.

आता व्युत्पत्तीकडे वळतो. हा भाग मी जरा जपून लिहितो, कारण इथे आपल्याकडचे लोक फार लवकर पेटतात.

"दूरुस"चं मूळ काय? बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की ते झाड, लाकूड या अर्थाच्या एका फार जुन्या धातूपर्यंत जातं. त्याच धातूपासून संस्कृतात दारु म्हणजे लाकूड, द्रुम म्हणजे झाड, देवदार म्हणजे देवाचं लाकूड. इंग्रजीतला झाडाचा शब्द "ट्री" हाही त्याच घरातला. लाकडासारखा तो कठीण, असा अर्थाचा प्रवास. (पिण्याची दारू वेगळी. ती फारसीतून आली आणि तिचा मूळ अर्थ औषध. आमच्या गोव्यात हा मूळ अर्थ अजून पाळला जातो.) सगळ्यांचं यावर एकमत आहे असं नाही. "टिकणे" या अर्थाचं जे लॅटिन क्रियापद आहे, ज्यापासून रजेच्या अर्जातलं "ड्युरेशन" आलं, त्याचं नातं काहीजण संस्कृत "दूर" शब्दाशी, म्हणजे लांब या अर्थाशी लावतात. पण लाकडाचा धागा मला जास्त भावतो, आणि त्याचं कारण छावणीच्या बाजारात पडलेलं होतं.

कठिया म्हणजे काय? काठ अधिक इया. हिंदीत काठ म्हणजे लाकूड, संस्कृत काष्ठ. ज्याचं टरफल लाकडासारखं कठीण तो कठिया बदाम, ज्याचा दाणा लाकडासारखा कठीण तो कठिया गहू. म्हणजे माळव्यातल्या आणि बुंदेलखंडातल्या शेतकऱ्याने गव्हाला नाव देताना नेमकी तीच वाट धरली जी लॅटिनने कधीकाळी धरली असावी: लाकूड, म्हणून कठीण. आणि संस्कृतात "दारुण" या शब्दाचा जुना अर्थही कठीण, कठोर, मृदूच्या उलट. आपण आता निवडणुकीतल्या पराभवाशिवाय हा शब्द वापरत नाही. पण बाफल्याची कणीक दारुण झाली असं म्हटलं तर व्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक होणार नाही. ताईसमोर म्हणू नये, एवढंच.

आता यावरून कोणी लगेच "बघा, लॅटिन संस्कृतातूनच निघालं" असा निरोप फिरवू नये. मला असे निरोप आठवड्याला दोन येतात. दारु आणि दूरुस ही भावंडं असतील, तर त्यांची आई तिसरीच कोणी तरी होती, जिची लिहिलेली एक ओळही आपल्याकडे नाही. बहिणीला आई म्हटल्याने बहिणीचा मान वाढत नाही. आणि आवाज जुळला की नातं जुळलं असंही नसतं, नाहीतर "दूरुम" म्हणजे "दूर राहा" असं कोणीतरी सिद्ध करून दाखवेल.

हे साम्य पहिल्यांदा ज्यांच्या नजरेत भरलं त्यांच्यातले दोघे आमच्या गोव्याशी संबंधित होते, हे सांगताना मला अभिमान वाटतो. विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण १७८६ चं. त्याच्या दोनशे वर्षं आधी, १५८३ साली, गोव्यातल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या भावाला पत्रात लिहिलं होतं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. हे तेच स्टीफन्स, ज्यांनी पुढे मराठीत क्रिस्तपुराण रचलं (१६१६) आणि ज्यांचं कोकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्याच सुमाराला फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी संस्कृत आणि इटालियन शब्दांच्या जोड्या घरी लिहून पाठवत होता. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला. स्टीफन्सना हे साम्य दिसलं याचं मला आश्चर्य वाटत नाही. ज्याने लहानपणी दूरुस-दूरा-दूरुम घोकलं आहे, तो गोव्याच्या बाजारात येऊन तीन लिंगांची बोली ऐकेल तर त्याचे कान टवकारणारच. एखादा निव्वळ पोर्तुगीज बोलणारा शिपाई असता तर त्याला ती तीन लिंगं त्रासदायक वाटली असती.

राहिलं पाकिटावरचं नाव. "ट्रिटिकम ड्यूरम" हे नाव देफोंतेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये, उत्तर आफ्रिकेतल्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात दिलं. ट्युनिशिया-अल्जीरियात तो हिंडला होता. तेव्हा हा गहू इटलीचा खासा म्हणून जगापुढे आला असंही नाही. इटलीने मात्र १९६७ साली कायदाच केला की सुका पास्ता ड्यूरमच्या रव्याचाच हवा, आणि तिथून या विशेषणाला जी प्रतिष्ठा मिळाली ती मिळाली. आता तर बरेच शास्त्रज्ञ त्याला "ट्रिटिकम टर्जिडम" या जातीची "ड्यूरम" ही उपजात मानतात. टर्जिडम म्हणजे फुगलेलं. पुन्हा विशेषण, पुन्हा नपुंसकलिंगी.

ही लॅटिन नावं फार शहाणी असतात असं मात्र समजू नका. चपातीच्या गव्हाला लिनियसने १७५३ मध्ये "एस्टिव्हम" म्हटलं, म्हणजे उन्हाळी. स्वीडनमध्ये जो वसंतात पेरून उन्हाळ्यात वाढतो तो उन्हाळी, आणि जो थंडीत जमिनीत असतो तो वेगळा, "हायबर्नम", म्हणजे हिवाळी. पुढे दोन्ही एकच ठरले आणि एस्टिव्हम हे नाव उरलं. त्यामुळे कार्तिकात पेरून होळीच्या सुमारास कापायच्या आपल्या रब्बीच्या गव्हाचं शास्त्रीय नाव "उन्हाळी गहू" आहे! याच्या तुलनेत कठिया हे नाव किती बरोबर आहे बघा. दाताखाली धरा आणि खात्री करून घ्या.

तरीही भारतात भरलेल्या, भारतातल्याच गव्हाच्या रव्याच्या पाकिटावर मी मोठ्या अक्षरांत "ड्यूरम" बघतो आणि बन्सी किंवा कठिया हा शब्द भिंग लावूनही सापडत नाही, तेव्हा मला राग येतो. लॅटिनचा राग नाही, ते तर मला आवडतं. राग याचा की एका विशेषणाचं आपण विशेषनाम करून टाकलं, आणि ज्याला आपल्याकडे त्याच अर्थाचं, त्याच वळणाचं विशेषण होतं ते गोणीवरच राहिलं. बुंदेलखंडाच्या कठिया गव्हाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, निदान तिथे तरी नाव सरकारदरबारी लागलं. माळव्यातल्या वाणांची नावं तेजस, अनमोल, मंगल अशी छान आहेत, पण ती बियाण्याच्या पिशवीवर संपतात. दुकानापर्यंत येता येता सगळ्यांचं ड्यूरम होतं.

खात्याच्या कामानिमित्त एकदा अशाच एका पाकीटबंद मालवाल्यांच्या प्रतिनिधीशी गाठ पडली. मी त्यांना सहज विचारलं, खाली बन्सी का छापत नाही? ते म्हणाले, "साहेब, बन्सी लिहिलं की लोकांना तो स्वस्तातला वाटतो." मी साहेब नाही, कारकून आहे, पण ते सोडा. त्यांचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने खरं असेल. मी मात्र तेव्हापासून दुकानात बन्सी रवाच मागतो. पणजीतला दुकानदार पहिल्यांदा म्हणाला, "तसला नाही, ड्यूरमचा आहे, चालेल?" मी म्हटलं, चालेल.